बदक पाण्यात

दादानं शाईनं काळवंडलेलं बोट संगणकाच्या पडद्यावर टेकवलं आणि तिथलं बदक फळीवरून घसरून धपकन पाण्यात पडलं.

“चुकलं गं बाई चुकलं, पाणी नाकात शिरलं!” बदक खरखरत्या आवाजात गायलं.

मांडीवर बसलेली भाची पोट धरून हसत सुटली. “मामा, तू किती ढ आहेस!”

“आहेच मुळी. आजोबांना विचार.”

“आजोबा तर फोटोत आहेत.”

“मग सुटलो बुवा.”

पोरीची आई, दादाची धाकटी बहीण, चहाचे कप घेऊन दारातच थांबली. तेच बदक, तीच डुगडुगती फळ्यांची वाट. बेरजा शिकवणारा हा जुना खेळ तिनं कुठूनकुठून शोधून काढला होता, तो दादासाठी. लहानपणी एका खुर्चीत अर्धे-अर्धे बसून दोघं खेळायचे. उत्तर बरोबर आलं की बदक एक फळी पुढे, चुकलं की पाण्यात. तिचं बदक पैलतीर गाठायचं, दादाचं सदा ओलंचिंब. पाठीमागे उभे राहून बाबा म्हणायचे, “ठोंब्या, धाकटीनं मागे टाकलं की रे तुला!” नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिला पुस्तकं येत गेली, आणि याच्या डोक्यात आकडे शिरत नाहीत म्हणून बाबांनीच त्याला छापखान्यात नेऊन उभं केलं. तो अजून त्याच यंत्रापाशी उभा होता.

आता कुठे मालक मागे लागले होते. यंत्रावरून ऊठ, कचेरीत बस, कुठल्या कामाला किती कागद लागेल ते काढत जा. उभं राहून पाठ धरलेल्या माणसाला खुर्ची मिळत होती. त्याला हो म्हणायला लावायचं, म्हणून आज सुट्टीचं बोलावलं होतं. खेळ म्हणजे नुसतं निमित्त.

“मग काय ठरवलंस, दादा?”

“त्यात ठरवायचं काय? तिथं दिवसभर आकडेमोड. आणि आपलं डोकं म्हणजे रिकामं खोकं.”

“असं काय बोलतोस?”

“बघतेयस ना? बदकाला अजून सर्दी होतेय माझ्यापायी.”

पडद्यावर सात अधिक पाच उमटलं. खाली तीन कमळांवर तीन उत्तरं. दादाचं बोट सरळ बाराकडे गेलं आणि तिथंच थबकलं. त्यानं मान वाकवून पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीनं ओठ घट्ट दाबले होते, गाल फुगले होते, हसू अगदी दातांशी आलं होतं. बोट हळूच अकरावर सरकलं.

धपकन.

धाकटी दोन पावलं पुढे आली. ही वाकलेली मान तिच्या ओळखीची होती. दर खेपेला तो असाच तिच्याकडे बघायचा. तिला वाटायचं, उत्तर मागतोय. सांगायचं नाही म्हणून ती ओठ आवळून धरायची.

“दादा, बारा होतात ते.”

“माहितेय गं. पण बरोबर आलं की ते नुसतं चालतं. त्यात पोरीनं हसायचं काय?”

“आणि लहानपणी? तेव्हाही तू माझ्यासाठीच...”

त्यानं कपाळ चोळलं. तिथं शाईचा पुसट पट्टा उमटला.

“छे गं! तेव्हा मला येतच नव्हतं. बाबा सांगायचे की.”

“बाबांना काय दिसत होतं? पाठीमागून तुझी पाठच दिसायची त्यांना.” कप खाली ठेवून तिनं मेजावरचा फोन त्याच्यापुढे धरला. “लाव मालकांना. आत्ता, माझ्यासमोर. येतो म्हणून सांग.”

दादानं पोरीला मांडीवरून अलगद उतरवलं. फोन घेतला, पालथा घालून बाजूला ठेवला आणि चहावर फुंकर मारली.

“परवाच नाही म्हणून आलो. नवा माणूस घेतलासुद्धा त्यांनी. मीच त्याला कचेरी दाखवली, खुर्ची पुसून दिली.” त्यानं एक घोट घेतला. “चांगला आहे गं. काही विचारलं की पटकन सांगतो. अगदी तुझ्यासारखा.”