टाचेवरचं मेण

त्या घरात अबोल्यालाही नियम होते. जो आधी बोलेल तो हरला. ताट वाढायचं, कपडे धुवायचे, पाहुणा आला तर दोघांनी गोडगोड बोलायचं आणि तो उंबऱ्याबाहेर पडला की पुन्हा मिठाची गुळणी धरायची. अकरा दिवसांचा विक्रम बायकोच्या नावावर होता. दिवसभर शिलाई मशीनवर गणवेश शिवणाऱ्या त्या बाईला दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नव्हता. एरवी निरोपांची ने-आण वन्सं करायच्या, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. या खेपेला त्या लेकीकडे गेल्या होत्या आणि घरात दोनच डोकी उरली होती, एकापेक्षा एक हट्टी.

भांडण खिळ्यावरून झालं. नवरा रोपवाटिकेत कलमं बांधायचा. शेणखताच्या ढिगापाशी पडलेल्या फळीचा खिळा चपलेतून थेट त्याच्या टाचेत घुसला. घरी येऊन त्यानं टाच धुतली आणि कलमाच्या कापाला लावायचं मेण वितळवून जखमेवर थापलं. हवा लागली नाही की काप लवकर जुळतो, हे त्याचं तीस वर्षांचं शास्त्र.

"अहो, इंजेक्शन घेऊन या," ती म्हणाली.

"अगं, हजारो झाडं जगवली या मेणानं. एक पाय जगणार नाही होय?"

"पायाला पालवी फुटायची आहे का?"

"तू तुझी मशीन सांभाळ."

हे तिला झोंबलं. "बरं. यापुढे त्या टाचेचं एका शब्दानं विचारलं तर माझं नाव बदला."

आठव्या दिवशी त्यानं ताट तसंच सरकवलं. रुसवा आता अन्नावर गेला म्हणायचा, असं मनाशी म्हणत तिनं भाजी झाकून ठेवली. नवव्या दिवशी सकाळी तो मशीनपाशी येऊन उभा राहिला. मान ताठ, दात दातांवर.

"ऐक," तो म्हणाला. शब्द दातांच्या फटीतून कसाबसा बाहेर आला.

तो हरला होता. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इथंच थांबली असती तर बरं झालं असतं, पण जिंकणाऱ्याला कुठं थांबायचं ते कधी कळलंय? मशीनवरचा पाय न काढता ती म्हणाली, "दात-ओठ खाऊन काय बोलता? तोंड उघडून नीट बोला, मग ऐकते."

तो भिंतीला धरून आत गेला.

संध्याकाळी तिनं खोलीत डोकावलं. तो पलंगावर पडला होता आणि हसत होता. भुवया वर, ओठ ताणलेले, दात दिसताहेत. हरूनही हसतोय, या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार ओढून ती स्वयंपाकघरात जाऊन निजली.

दहाव्या दिवशी दुपारी वन्सं परतल्या. तिच्यासोबत खोलीत येऊन त्यांनी पिशवी खाली टाकली. त्या आवाजासरशी पलंगावर त्याची पाठ कमानीसारखी उचलली गेली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"अगं, बघत काय उभी राहिलीस?" वन्सं म्हणाल्या. "हा हसत नाहीये."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं मेण खरवडून काढलं. "धनुर्वात आहे. आधी जबडा आवळतो, घास जात नाही, तोंड उघडत नाही. याचे जंतू माती-शेणात वर्षानुवर्षं निजून असतात. हवेत त्यांचं काही चालत नाही. जखम बंद झाली की आत जागे होतात आणि विष सोडतात."

"पण वाचतील ना?"

"विष एकदा नसांत भिनलं की औषधानं निघत नाही. काल आणलं असतं तर थोडी तरी आशा होती. आज खोटं सांगवत नाही." मग त्यांनी खोलीचे नियम सांगितले. उजेड नको, हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही, कारण आवाजानंही झटका येतो. "ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांना सगळं कळतंय."

अंधारात ती त्याच्याजवळ गेली. त्याचे डोळे तिच्याकडे वळले. नियम तिनं ऐकला होता, पण राहवलं नाही.

"मी हरले," ती अगदी हळू म्हणाली.

त्याचं सगळं अंग ताणलं गेलं. दात कराकरा वाजले, डोळ्यांतून पाणी आलं. नर्सनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

त्यानंतर चार दिवस ती कोपऱ्यातल्या स्टुलावर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली. काल, काल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. त्याला सांगण्यासारखं केवढंतरी साचलं होतं, आणि तिच्या एका शब्दानं आलेल्या झटक्यात त्याची हाडं मोडली असती. अबोला इतका जड असतो हे तिला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावून ऐकलं आणि मग खिडकीचा पडदा सरकवला. खोलीत लख्ख ऊन आलं. तो हलला नाही.

"आता बोललात तरी चालेल," नर्स म्हणाली.

ती उठून पायथ्याशी गेली. चादर बाजूला करून तिनं त्याची टाच तळहातावर घेतली.

"फार दुखतंय का हो?" तिनं विचारलं.