नावाड्याचा डावा हात

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. दारावरचा नव्हे, खिडकीवरचा तर मुळीच नव्हे. सिनेमाचा पडदा! आज माझा अवतार पाहाल तर हसाल. अंगभर मोहाफुलांचे डाग, शिवणींत अडकलेली धानाची कुसं, एका कोपऱ्यात उंदरांनी पाडलेलं भोक. पण एकेकाळी मी असा पांढराफेक होतो की मला हात लावण्याआधी मालक हात धुवायला लावायचा. आपली तारीफ आपणच करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करतच नसेल तर पडद्यानं काय करावं?

मांजरपाटाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडून मला शिवलं. कडेला दोरीसाठी गोल पितळी डोळे ठोकले. आरमोरीकडच्या एका टुरिंग टॉकीजवाल्यानं मला घेतलं आणि माझी भटकंती सुरू झाली. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई जिथं, तिथं आमचा तंबू. मशीन चालवायला नानाजी नावाचा तरणा गडी होता. मशीनचा त्याला इतका गर्व की जेवतानाही एक हात तिच्यावर असायचा.

तंबूत मला मधोमध ताणायचे. मशीनच्या बाजूला पुरुष बसत आणि माझ्या पाठीमागे बाया. तिकडचं तिकीट अर्धं. खेळाआधी नानाजी माझ्यावर पाण्याचे सपकारे मारायचा, म्हणजे चित्र आरपार उतरे. मागून सगळं दिसे, फक्त उलटं दिसे, आरशात दिसतं तसं. उजवा हात डावा व्हायचा, डावा गाल उजवा. सुरुवातीला नटांची नावं येत, तीही उलटी. पण वाचता कोणाला येत होतं? म्हणून कुण्या बाईला कधी शंका आली नाही, आणि पुरुषांना तर त्या बाजूला यायचीच लाज. दोन्हीकडचं फक्त मला ठाऊक.

अशाच एका मंडईत ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक पोरगी माझ्या पाठीमागे येऊन बसली. तिचं नाव गिरजा. मोठी बहीण रुखमा तिला हाताला धरून घेऊन आली होती. सिनेमा होता एका नावाड्याचा. जमीनदार नदीवर कोणाला मासे मारू देत नाही, आणि नावाडी त्याच्या डोळ्यांदेखत नावेत उभा राहून जाळं फेकतो. काय फेकतो म्हणता! जाळं हवेत गोल उघडलं की तंबूतल्या शिट्ट्यांनी मी थरथरायचो. बाकीच्या बाया नावाड्याच्या डोळ्यांवर भाळल्या होत्या. गिरजा ढिवराची पोर, तिनं हात पाहिला. आणि तिच्या बाजूनं तो डावा होता.

गिरजा स्वतः डावखुरी होती. डावखुऱ्याला आमच्याकडे डेबरा म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत, डाव्या हातानं भाकर मोडली की बोटांवर फटकाही देतात. पोरीनं असे फटके पोटभर खाल्ले होते. त्या दिवशी ती बहिणीच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, तो बी डेबरा हाय व." आणि उरलेला सिनेमा तिनं ताठ बसून पाहिला. तिचा तो चेहरा मला फार आवडला. इतके नट अंगावर नाचून गेले, पण त्यातला एकही चेहरा मी असा जीव लावून पाहिला नसेल.

पुढं व्हिडिओ आला, मग टीव्ही. तंबू ओस पडू लागला. मालकानं मशीन भंगारात घातली आणि मला नानाजीच्या खांद्यावर टाकून म्हणाला, घेऊन जा. नानाजीचं गाव तलावाकाठी, ढिवर मोहल्ल्याचं. आणि नशीब पाहा, गिरजा त्याच गावात सून म्हणून आलेली!

आता माझी नोकरी बदलली. कधी धानाच्या ढिगावर पांघरूण, कधी मोहाफुलं वाळवायला अंथरूण. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्याच्याकडे शेकडो लोक डोळे लावून बसत, त्याच्यावर आता कोंबड्या चालायच्या.

पण दुपारी दिवस पालटायचा. समाजमंदिराच्या ओट्यावर मला अंथरत आणि माझ्यावर जुन्या सिनेमांची बैठक बसे. नानाजी यायचा. जाळं विणत इस्तारी यायचा, तो त्याच काळचा शिट्ट्या मारणारा. मांडीवर लाखोळीच्या शेंगा घेऊन गिरजा यायची. नटांची खरी नावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती, यांनी आपलीच ठेवली होती. केसांची झुलपं उडवणारा तो झुलपेवाला, हसण्याआधी खाकरणारा खलनायक तो खोकल्या, आणि जिचं रडू आधी नाकात यायचं ती नाकवाली. झुलपेवाल्याला घोड्यावर बसता येत नव्हतं, असं इस्तारीचं ठाम मत. खोकल्या मनानं चांगला माणूस असणार, असं गिरजाचं. का, तर तो जेवायच्या सीनमध्ये खरंच जेवायचा, ताटात नुसता हात फिरवायचा नाही. नानाजी म्हणे, तुम्ही दोघंही चूप बसा, सिनेमा मी दाखवला. ज्यांनी मला तुडवलं त्यांच्यावर मी रागावलो असतो, पण या तिघांवर रागावता येत नव्हतं.

नावाड्याचा विषय निघाला की मात्र पेटायचं. गिरजा म्हणे डावा हात, इस्तारी म्हणे उजवा. वर्षानुवर्षं हेच. इस्तारी चिडवायचा, आणि गिरजा म्हणायची की तू सिनेमा पाहत होतास की शेंगदाणे खात होतास? भांडून झालं की त्याच्याच डब्यातला तंबाखू घ्यायची. गोडीगुलाबीचं भांडण होतं ते.

तिच्यासाठी मात्र तो हात गमतीचा नव्हता. तिचा मुलगा मिथुन डावखुराच निघाला. सासरची माणसं त्याचा हात बांधायला निघाली, तेव्हा गिरजा आडवी आली. सिनेमातला नावाडी डाव्या हातानं जाळं फेकते, माया पोरगाबी फेकन, असं तिनं ठणकावलं. मिथुन ती गोष्ट ऐकतच वाढला. आज तलावावर त्याच्यासारखं जाळं कोणाचं उघडत नाही.

मग यंदाच्या मोहाच्या दिवसांत एक दुपार आली. मिथुनची बायको दामिनी अंगणवाडीत सेविका आहे, मोठ्या मायेची पोरगी. सासूला खूश करावं म्हणून तिनं मोबाईलवर नावाड्याचा सिनेमा शोधून काढला. सगळ्यांची डोकी त्या इवल्या काचेवर जमली. नाव आली, जमीनदार आला, नावाडी उभा राहिला आणि त्यानं जाळं फेकलं. उजव्या हातानं.

इस्तारीनं मांडीवर थाप मारली. गिरजा म्हणाली, पुन्हा लाव. दामिनीनं पुन्हा लावलं. हात उजवाच. गिरजानं विचारलं, मग मला डावा कसा आठवतो? नानाजीनं थट्टा केली. म्हणाला, "बुढी झाली तू गिरजाबाई, आता असंच होईन." सगळे हसले. गिरजाही हसली, पण शेंगा तशाच पदरात गोळा करून उठली.

ती का उठली ते ऐका. तिची बहीण रुखमा म्हातारपणी विसरू लागली होती. आधी मिठाचा डबा, मग घराची वाट, आणि शेवटी गिरजालाच तिनं विचारलं होतं, तू कोणाची व? गिरजाला वाटलं, आता आपली पाळी.

दुसऱ्या दिवसापासून ती बैठकीला आली नाही. मला तेव्हा तिच्याच अंगणात मोहाफुलांखाली अंथरलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. ती भात चुलीवर ठेवी आणि दामिनीला विचारी, मी तांदूळ धुतले होते ना? शेळ्यांना पाणी पाजून पुन्हा बादली घेऊन जाई. फुलं चाळता चाळता नातवंडांची नावं पुटपुटत बसे, एखादं निसटलं तर नाही हे पाहायला. एवढी बोलकी बाई, पण कोणाशी बोलायला घाबरू लागली. काही चुकीचं बोललं गेलं तर, हीच धास्ती.

एका सकाळी मिथुन तलावावर निघाला होता. तिनं त्याला थांबवलं. "मिथुन, मी तुले खोटं सांगतलं बापू. तो नावाडी डेबरा नव्हता."

मिथुन हसून म्हणाला की माय, मी जाळं फेकायला शिकलो ना, मग काय फरक पडते?

"फरक पडते," ती म्हणाली. "तुले नाई, मले. एवढं पक्कं याद असलेलं जर खोटं निघालं, त बाकीचं कायचं खरं?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं ना! असा ओरडलो असतो की तलावातल्या मासोळ्या उडाल्या असत्या. गिरजा, तुझं डोकं लाख मोलाचं आहे, तू पाहिलंस तेच सांगतेस! पण मी कापड. अंगावरची फुलं हलतील एवढंही बळ माझ्यात नाही. आयुष्यात इतकी लाचारी मला कधी वाटली नव्हती.

तिकडं ओट्यावर म्हणे इस्तारीचं मन लागेना. त्यानं नाकवालीला शिव्या घालून पाहिल्या, कोणी उलटून बोललं नाही. भांडायला माणूस नसेल तर सिनेमाची चवच जाते. तोच दामिनीकडे येऊन म्हणाला, काहीही कर, पण बाईला परत आण.

दामिनीकडे अंगणवाडीचा छोटा प्रोजेक्टर होता, गरोदर बायांना माहितीच्या फिल्मा दाखवायला दिलेला. तिनं ठरवलं, नावाड्याचा अख्खा सिनेमा गावाला दाखवू, गाणी ऐकून आई रमतील. अंगणवाडीच्या भिंतीवर तर पोपट आणि हत्ती रंगवलेले. मग आठवण कोणाची आली? माझी!

नानाजीनं मला तलावावर नेऊन साबण लावून धुतलं. उंदराच्या भोकावर ठिगळ लावलं. दिवेलागणीला तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, दोन बांबूंमध्ये ताणलं आणि सवयीनं पाण्याचे सपकारे मारले. दामिनी म्हणाली, ओला कशाला करता जी? तो म्हणाला, मागच्या बायांसाठी करत होतो. एवढं तोंडानं बोलला, तरी त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. माझ्या जिवाची नुसती तगमग!

सिनेमा सुरू झाला. सगळं गाव माझ्यासमोर बसलं. गिरजा नाही नाही म्हणत उशिरा आली. समोर जागा होती, दामिनी हात करून बोलावत होती. पण गिरजाचे पाय तिकडे वळलेच नाहीत. सिनेमा म्हटल्यावर बाईनं कुठं बसायचं ते त्या पायांना माहीत होतं. ती मला वळसा घालून मागं गेली, पदर सावरून खाली बसली. एकटीच.

इस्तारीनं ते पाहिलं. जरा वेळानं तो समजूत घालायला मागं आला, आणि त्याच वेळी नाव आली. नावाडी उभा राहिला. त्यानं जाळं फेकलं. इस्तारी उभ्याचा उभा राहिला. मग धावत समोर गेला, सीन संपायच्या आत परत मागं आला, दामिनीला ओरडून तोच सीन पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा समोर पळाला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला काही चावलं. शेवटी तो धापा टाकत गिरजाजवळ मातीतच बसला.

"गिरजाबाई," तो म्हणाला, "इकडून त डेबराच होय व तो."

गिरजाची नजर माझ्यावरून हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हंजे मी भुलली नाई?"

"नाई व बाई. तू पाह्यलं तेच सांगतलं. आमी कोनी कदी इकडं आलोच नाई."

मग एकेक जण उठून मागं येऊ लागला. दामिनी आली आणि सासूच्या गळ्यात पडली. मिथुन आला. गिरजानं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. सर्वांत शेवटी नानाजी आला. त्यानं मंडईमागून मंडई सिनेमे दाखवले, सपकारे मारून मला भिजवलं, पण माझ्या या बाजूचं चित्र तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. मग गिरजापुढं बसून म्हणाला की थट्टा केली ती माझी चूक झाली. तिनं त्याला सरकून जागा दिली.

मी तर सुखानं न्हाऊन निघालो. मला आता दर महिन्याला सिनेमासाठी ताणतात, आणि घडी घालून कोरड्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवतात. तुमच्याही घरी माझ्यासारखं जुनं कापड असेल तर त्याला उंदरापासून जपा, ओलं ठेवू नका, एवढं मी माझ्यासाठी मागतो.

पण त्याहून मोठं मागणं माणसांसाठी आहे, मित्रांनो. घरातलं कोणी म्हातारं माणूस तुमच्या मोबाईलपेक्षा वेगळं काही सांगू लागलं, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, तेव्हा तुम्ही कुठं बसला होतात? गिरजाला हे एवढ्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.