रंगवलेला पंप

"दुसरा हात मारू का?" मेकॅनिकने ब्रश डब्यात बुडवत विचारलं.

"मार. बोल्टांवर जरा जाड दे," स्टोअरकीपर म्हणाला.

"अहो, बोल्ट रंगवले तर पुढं उघडायला त्रास होईल."

"कोणी उघडू नये म्हणूनच सांगतोय."

पंप पिवळाधमक दिसू लागला. तो एका हँडलला सुरू होई, जोरात पाणी फेकी आणि थोड्याच वेळात तापून मान टाकी. नगरपालिकेचा चांगला पंप मागे ताडपत्रीखाली होता. त्याचा रंग कधीच उडून गेला होता.

आसपासच्या पाच नगरपालिकांनी पुरासाठी सामायिक भांडार करायचं ठरवलं होतं. प्रत्येकीने एक पंप तिथे ठेवायचा आणि ज्या गावात पाणी शिरेल त्याने सगळे घेऊन जायचे. करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर अध्यक्षांनी स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं होतं. "द्यायचा तर आहेच. पण जरा डोकं वापरून द्या."

स्टोअरकीपरला ते सांगायची गरज नव्हती. नगरपालिकेत त्याला कुलूपराव म्हणत. कुलूप लावल्यावर तो ते ओढून पाही, कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत येऊन पुन्हा ओढी. शेजारच्या नगरपालिकेने एकदा त्याच्याकडून लांब शिडी नेली होती. ती परत आली तेव्हा मधल्या दोन पायऱ्या गायब होत्या. "अशीच होती," असं तिथल्या स्टोअरकीपर बाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर त्या गावाला त्याने बादलीसुद्धा दिली नव्हती.

त्याची थोरली बहीण त्याच गावात दिली होती. "माझ्या लग्नात नवऱ्यामुलाचे दात तपासायचे तेवढे राहिले होते तुझे," असं ती अजून त्याला चिडवत असे.

भांडाराच्या उद्घाटनाला पाचही पंप ओळीने मांडले होते. पिवळा, निळा, हिरवा, लाल आणि शेजारच्या स्टोअरकीपर बाईंचा केशरी. सगळे नवरीसारखे नटलेले.

"चालवून बघायचे का एकदा?" कोणीतरी विचारलं.

"पाहुण्यांसमोर धूर कशाला?" पाचही अध्यक्ष जवळपास एकदमच म्हणाले.

कुलूपराव केशरी पंपाकडे बघत राहिला. बाई पिवळ्याकडे बघत होत्या. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

पावसाळा निम्मा सरला. बहिणीला न्युमोनिया झाला आणि तिला तिथल्याच सरकारी हॉस्पिटलमध्ये ठेवलं. ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. कुलूपराव रोज संध्याकाळी जाऊन येई. जाताना मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये नीट बसली आहे ना, हे हात लावून बघे.

"ओढून बघ हो एकदा," ताई मास्क बाजूला करून म्हणे. "म्हणजे मी गेलेच."

मग एका सकाळी तिच्या गावात नदी शिरली. दुपारी त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. शेजारच्या बाई होत्या.

"तुमचा पिवळा बंद पडला."

त्याने खुर्ची पुढे ओढली.

"निळाही. हिरवाही. लाल तर सुरूच झाला नाही."

"आणि तुमचा केशरी?"

फोनमध्ये पावसाचा आवाज येत राहिला. "तोही," बाई म्हणाल्या. "ऐका. वीज सकाळीच गेलीय. हॉस्पिटल जनरेटरवर आहे आणि जनरेटर तळघरात. पाणी पायऱ्या उतरतंय."

कुलूपराव खुर्चीवरून उठला. "तुमचा चांगला पंप कुठंय?"

"पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर. तो काढला तर गावाला गढूळ पाणी जाईल."

"कशावरून?"

"खोटं वाटत असेल तर येऊन बघा."

"येतो," तो म्हणाला. "बघायलाच येतो."

त्याने आणि मेकॅनिकने ताडपत्री ओढली आणि पंप टेम्पोत चढवला. फाटकात अध्यक्ष छत्री घेऊन उभे होते.

"उद्या आपल्याकडे पाणी आलं तर काय उपसणार आहात? रंग?"

"साहेब, हॉस्पिटल आहे."

"हॉस्पिटल नाही, तुमची ताई आहे."

"हो."

"आणि ताई तिथं नसती तर?"

नसती तर ताडपत्री हलली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं. कुलूपराव टेम्पोत बसला. मग अध्यक्ष छत्री सावरत बाजूला झाले.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात चार पंप थंड होऊन पडले होते. पिवळा अजून तापलेला होता आणि त्याच्यावर पडणाऱ्या पावसाची वाफ होत होती. तळघराच्या तोंडाशी बाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि माणसं हातोहात बादल्या वर देत होती. आतून जनरेटरची धडधड ऐकू येत होती.

टेम्पोचा मागचा फाळका खाली पडला. बाई चिखल तुडवत आल्या, पण "उतरवा" म्हणाल्या नाहीत. पंपाभोवती फिरल्या, वाकून खालून पाहिलं आणि अंगठ्याच्या नखाने त्याच्या अंगावर ओरखडा काढून पाहिला. नखाला नुसता गंज लागला.

कुलूपराव पावसात उभा राहून ते बघत होता. एरवी त्याच्या वस्तूला कोणी असं नख लावलं असतं, तर त्याने ती तशीच परत नेली असती.

"रंग नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"उतरवा."

पंपाने पाणी ओढायला घेतलं. तो खोकला, थुंकला आणि मग एका सुरात चालू लागला. कुलूपराव त्याच्या अंगावर तळहात ठेवून बसून राहिला. बऱ्याच वेळाने तळघराची बुडालेली एक पायरी वर आली, मग आणखी एक. बादल्यांची रांग थांबली. वर ताईच्या वॉर्डाच्या खिडकीतला दिवा जळत होता.

"वर जाऊन या," बाई म्हणाल्या. "मी बसते इथं."

त्याने पंपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. डिझेलचा डबा उगाच पायाने जवळ सरकवला. मग तो बाईंच्या हातात दिला आणि उठला.

जिन्याच्या वळणावर तो सवयीने थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं. बाई त्याच्या जागी बसल्या होत्या. पंपाच्या अंगावर तळहात ठेवून तो तापतोय का ते बघत होत्या.

तो वर गेला.