बोक्याचे धुतलेले उंदीर

बोक्याने धरलेला उंदीर इतका स्वच्छ असायचा, की त्याच्या शेजारी बसून जेवायला हरकत नव्हती. हे आपलं बोक्याचंच म्हणणं, पण त्यात फार खोटं नव्हतं. नगरपालिकेत उंदीर धरायच्या कामावर त्याला बावीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. बायकोसुद्धा त्याला बोकाच म्हणायची.

त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलेलं, उंदीर आधी पिंपात, मग पिशवीत. निळं पिंप, त्यात पाणी, पाण्यात तीन बुचं फिनाईल. पिंजरा अख्खा बुडवायचा, सावकाश शंभर मोजायचे, वर काढायचा. उंदीर गार, त्याच्या अंगावरच्या पिसवाही गार. उस्तादाला एकदा त्या पिसवांनी असं फोडून काढलं होतं, की महिनाभर माणूस बसला तरी खाजवतोय, उभा राहिला तरी खाजवतोय. बोक्याने ते पिंप कधी सोडलं नाही. बाकीचे गडी रक्ताळलेले, घाण मारणारे उंदीर आणून आपटायचे. बोक्याचे मात्र पांढऱ्या फडक्यात, शेपट्या एका बाजूला, पायाला चिठ्ठी बांधलेले.

आता झालं असं, की भाजी मार्केटच्या तळघरात काम करणारे तीन हमाल एका आठवड्यात तापाने पडले. डोळे पिवळे, पोटऱ्या अशा दुखतायत की हात लावू देईनात. त्यातले एक बोक्याचे दाजी. त्यांची तर लघवीच बंद झाली. डॉक्टर म्हणाले, हा उंदरांच्या मुतातून येणारा जंतू आहे, साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरतो. तळघरात घोट्याएवढं पाणी कायम साचलेलं, कारण मधलं गटार फुटून दोन वर्षं झाली होती.

मार्केटच्या मुकादमाने तळघराला कुलूप लावलं आणि बोक्याला उंदीर धरायला सांगितलं. प्रयोगशाळेत तीन खेपा तपासायच्या. तिन्ही स्वच्छ निघाल्या तर सोमवारी तळघर उघडायचं, गटाराचं बघू पुढे कधीतरी. पहिली खेप स्वच्छ निघाली. दुसरीही स्वच्छ.

गुरुवारी संध्याकाळी बोका दवाखान्यात गेला. ताई दाजींच्या खाटेशी बसून लघवीच्या पिशवीकडे दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी बघत होती.

"काल तीन चमचे होती, आज वाटीभर झाली," ती म्हणाली.

"अगं हळू बोल. अख्ख्या वॉर्डाला कळलंय," दाजी डोळे मिटूनच पुटपुटले.

"कळू दे की. काय चोरून आणलीय का?" मग ती बोक्याकडे वळली. "सोमवारी तळघर उघडतंय म्हणे. मी जातेय बटाटे निवडायला."

"तू नको जाऊस."

"का? तुझे उंदीर तर स्वच्छ निघाले. दोन-दोन वेळा."

बोक्याने खाली बघितलं. ताईच्या चपला खाटेखाली होत्या आणि टाचा उघड्या. एकेका भेगेत नाणं उभं राहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी तिसरी खेप निघाली, नऊ उंदीर. एरवी नगरपालिकेचा शिपाई घेऊन जायचा, त्या दिवशी तो रजेवर. म्हणून बोका स्वतःच गेला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब व्हरांडा आणि शेवटी एक खोली. व्हरांड्यात मावशी फरशी पुसत होत्या, आणि फिनाईलचा वास असा दरवळत होता, की बोक्याला घरी आल्यासारखं वाटलं.

आत चष्मेवाल्या बाई होत्या. उंदीर फाडून, मूत्रपिंडाचा कण घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं हे त्यांचं काम.

"तुम्हीच का ते? किती नीटनेटके पाठवता हो. असे उंदीर मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत."

बोक्याची छाती वीतभर फुगली. बाई नळीला डोळा लावून बसल्या, तेव्हा त्याने सहज विचारलं, "बाई, तुम्ही बघता म्हणजे नेमकं काय बघता?"

"दोऱ्यासारखा जंतू असतो. टोकाला आकडा, आणि सारखा वळवळत असतो. वळवळला तरच दिसतो. मेला, की कचऱ्यात कचरा. बरणीत वाढवायला ठेवते तेही जिवंत असला तरच वाढतो, आणि त्याला महिना लागतो. म्हणून तर ताजा उंदीर मागते."

"ताजेच आहेत. तासाभरापूर्वी मारलेत."

"हो ना, ताजे आहेत. म्हणूनच नवल वाटतं. एवढ्या घाण पाण्यातले उंदीर आणि एकातही काही नाही."

बोक्याच्या डोक्यात काहीतरी टोचलं. "बाई, फिनाईलमध्ये तो जंतू मरतो का?"

"फिनाईलने काय, साध्या साबणानेही मरतो. का?"

आता इथे गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. चिठ्ठ्यांवर सही घेऊन तो घरी गेला असता आणि सोमवारी ताई पायऱ्या उतरली असती.

"मी पिंजरा फिनाईलच्या पिंपात बुडवून मारतो," बोका म्हणाला. "शंभर मोजेपर्यंत. उंदीर भरपूर पितो ते."

बाईंनी चष्मा काढला. "सगळे?"

"सगळेच."

"चाळीस उंदीर?"

"आजचे धरून एकोणपन्नास."

बाईंनी उठून एक उंदीर हुंगला, दारात जाऊन व्हरांडा हुंगला आणि परत येऊन बसल्या. "मला रोज वास येत होता. मी म्हटलं, मावशी फरशी पुसतायत. फाडताना सुरीवरून ते फिनाईल प्रत्येक कणाला लागलं असणार."

"माझंच चुकलं."

"माझंही चुकलं. कसा मारला, हे मी विचारलंच नाही. फॉर्मात तसा रकानाच नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "दोन्ही अहवाल रद्द करावे लागतील. कारणही लिहावं लागेल."

"लिहा. नावासकट लिहा. पण आता काय करायचं ते सांगा."

"उद्या बारा वाजता मुकादमाची बैठक आहे. दहापर्यंत मला जिवंत उंदीर हवेत. त्याच तळघरातले."

मुकादम किल्ली द्यायला तयार होईना. "अरे शहाण्या, पास झालेला पेपर परत द्यायला निघालास? तुझ्यावरच शेकेल."

"शेकू दे."

"आणि आत उरलंय काय? पंधरा दिवस धरतोयस."

"ते उंदरांना विचारतो. किल्ली द्या."

पण मुकादमाचं अगदीच चूक नव्हतं. उरलेले उंदीर बेरकी होते, पिंजऱ्याला वळसा घालून जायचे. बोका पायरीवर पिंजरे मांडून विचार करत बसला होता, तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. त्याने तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

ताईने आधी त्याला चार शब्द ऐकवले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग तिने एक पिंजरा उचलून नाकाशी नेला. "बोक्या, अरे मीसुद्धा यात शिरणार नाही. हा पिंजरा आहे की दवाखाना?"

बोका बघतच राहिला. बावीस वर्षं उंदीर धरतोय आणि हे याच्या टाळक्यात शिरलं नाही!

दुपारभर त्याने बारा पिंजरे उकळत्या पाण्यातून काढले, तीन-तीनदा. मग कोपरापर्यंत हातमोजे चढवून तळघरातला चिखल आणि सडके बटाटे त्या तारांना चोळले. हात फिनाईलने धुतल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस हा, पण एक तार सुटली नाही. ताईला त्याने खाली उतरू दिलं नाही. ती वरूनच हुकूम सोडत होती.

"तिसऱ्या खांबामागे ठेव. फुटक्या गटारातून येतात. एक घूस तर रोज माझ्या पायावरून जायची."

"आणि तू?"

"मी काय, पाय बाजूला घ्यायचे. तिला घाई असायची."

शनिवारी सकाळी बारांपैकी पाच पिंजरे हलत होते. दोन घुशी, तीन उंदीर. अंगावर पिसवा, तोंडाने शिव्या दिल्यासारखा आवाज. बोक्याचा हात सवयीने पिंपाकडे गेला आणि तिथूनच मागे आला. पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट टाकून, ते हातगाडीवर बांधून तो निघाला. रस्त्यात त्याच्या मानेवर काहीतरी चावलं. दोन्ही हात गाडीला, खाजवायची सोय नव्हती. उस्तादाची आठवण काढत तो ढकलत राहिला.

पावणेदहाला बाई हातमोजे घालून तयार होत्या. त्यांनी एकेकाला औषधाने झोपवलं आणि दार लावून घेतलं. बोका व्हरांड्यात खाजवत बसला. अकरा वाजले. साडेअकराला दार उघडलं.

"या इकडे. कशाला हात लावू नका. एक डोळा मिटा."

नळीत काळाकुट्ट अंधार होता. मग त्यात चांदीच्या तारेचा बारीक तुकडा दिसला. टोकाला आकडा. तो वळला, सुटला, परत वळला.

"पाचातल्या तिघांत आहे," बाई म्हणाल्या.

बोक्याने दुसरा डोळा उघडला. एवढ्याशा तारेने दाजींना आडवं केलं होतं. "चला बाई. बैठक आहे."

बैठकीत बाईंनी अहवाल मोठ्याने वाचला. पहिल्या दोन खेपा रद्द, नमुने फिनाईलमध्ये बुडवून मारलेले. हमालांत खसखस पिकली. कुणीतरी मागून ओरडलं, "बोक्या, पावडर नाही लावलीस का त्यांना?" बोका मान खाली घालून उभा राहिला, पण गेला नाही. मग बाईंनी पुढचं वाचलं, आणि हसणं थांबलं. मुकादमाने किल्ली टेबलावर ठेवली. तळघर बंद राहील, गटार आधी फोडून नवीन घालू, आणि गमबूट घातल्याशिवाय कुणी पायरी उतरणार नाही, असं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं गेलं.

"माझा नंबर सहा," ताई मागून म्हणाली. "लिहून घ्या. मागाहून आठ नंबर आणाल आणि म्हणाल, फडकं कोंब."

सोमवारी गटाराचं खोदकाम सुरू झालं. बोक्याने निळं पिंप मोरीत रिकामं केलं, हातगाडीवर घालून मार्केटात आणलं आणि तळघराच्या पायरीपाशी उपडं ठेवलं. बूट चढवायला माणसाला टेकायला काहीतरी लागतं. पहिली ताईच बसली, तळघर उघडायच्या आधीच, बूट मापात आलेत का बघायला.

"दाजी काय म्हणतात?" बोक्याने विचारलं.

"काल तांब्याभर झाली," ताई बुटात पाय कोंबत म्हणाली. "नर्सबाईने टाळ्या वाजवल्या."