मी झाकलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. मला जाळी नाही, कड नाही, आणि मला हातात धरून कोणी हलवतही नाही. संगणकावर ज्या खिडकीतून तुम्ही जग बघता, त्या ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढे एक चित्र असते ना, तेच माझे घर. लोक मला ॲड-ऑन म्हणतात. सोशल मीडियाच्या पानावर जे काही वाहत येते ते आधी मी वाचायचे, नको असेल ते झाकायचे आणि बाकीचे पुढे जाऊ द्यायचे, एवढेच माझे काम.

मला एका मुलीने घडवले. मुलगी म्हणायची ती तिच्या बाबांच्या हिशेबाने. बाबा तिला अजून 'पिल्लू' म्हणत, आणि पिल्लूच्या केसांत तर पांढरे डोकावू लागले होते. ती एका कंपनीत प्रोग्रामर होती. बाबा जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवून निवृत्त झालेले. आई गेल्यावर पिल्लूने त्यांना आपल्या घरी आणले, रस्त्याकडेच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि डोळ्यांना ताण नको म्हणून मोठ्या पडद्याचा संगणक मांडून दिला.

त्या काळात बाबांनी फोन उचलणे सोडले होते. फोन वाजला की पलीकडून कोणीतरी 'ऐकून फार वाईट वाटलं' असेच म्हणणार, आणि आपण 'हो, हो' म्हणत बसणार, याचा त्यांना वीट आला होता. त्यांनी फोन टेबलाच्या खणात टाकून दिला. जगाशी नाते उरले ते पडद्यावरचे. डेपोतल्या जुन्या मंडळींचे एक पान होते. त्यावर कोणी नातवाचा फोटो टाके, कोणी भंगारात निघालेल्या गाडीचा. पण त्याच्या आजूबाजूने काय काय वाहत येई! अमक्या आजाराची लक्षणे, तमक्या गोळीची जाहिरात, अपघात, हमरीतुमरी. आणि मधेच ती वेबसाइट आपणहून आईचा एखादा जुना फोटो पुढे करी. 'ही आठवण पुन्हा शेअर करा!' बाबांचा दिवस तिथेच संपे. समोरचे ताट निवून जाई, आणि ते खुर्चीतून हलत नसत.

पिल्लूने हे दाराआडून पाहिले. सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती मला घडवायला बसली.

पहिल्यांदा मला चालवले तेव्हा मी अख्खे पानच पांढरेफटक करून टाकले. "अगं बये, सगळंच गिळलंस की!" असे म्हणून ती एकटीच हसली. मग तिने मला शहाणे केले. एक पोस्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, मजकूर कोणता आणि जाहिरात कोणती, हे ओळखायला शिकवले. शेवटी तिने मला शब्द दिले. आजार, रुग्णालय, ऑपरेशन, कॅन्सर, अपघात, निधन. यातला एकही शब्द दिसला की ती पोस्ट झाकायची. सर्वांत शेवटी, बराच वेळ बोटे कीबोर्डवर नुसती ठेवून, तिने आईचे नाव लिहिले.

मित्रांनो, सुरुवातीचे माझे दिवस फार मानाचे होते. बाबांच्या पडद्यावर आता फुलझाडे येत, मांजरे येत, जुन्या इंजिनांचे फोटो येत. ते वेळेवर जेवू लागले. "पिल्लू, हे इंटरनेट आताशा बरंच सुधारलंय गं," असे ते म्हणाले, तेव्हा ती पाठमोरी होऊन हसू दाबत राहिली. माझ्याबद्दल तिने त्यांना काही सांगितलेच नव्हते. तिच्या ऑफिसातल्या लोकांनीही मला मागून नेले. 'झकास काम केलंय' असे सगळे म्हणत.

पण माझी कोंडी कोणाला ठाऊक नव्हती. झाकलेली गोष्ट कुठे नाहीशी होत नाही. ती पानाच्या पोटात तशीच असते, फक्त दिसत नाही. ती कोणी वाचू नये म्हणून आधी मला वाचावी लागते. आणि वाचल्यावर मला दोनच गोष्टी करता येतात, झाकणे किंवा जाऊ देणे. थांबून विचारणे, कोणाला सांगणे, हे माझ्या घडणीत नव्हते. हळूहळू माझ्या पोटात एवढे साचले की मला वाटे, मी चाळणी कसली, मी तर बाहेरून कडी लावलेली खोली आहे.

बाबांचा एक मित्र होता. डेपोच्या ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या घोषणा करण्यात त्याची सारी नोकरी सरली. आवाज असा खणखणीत, की बाकावर झोपलेले उतारू दचकून उठत आणि भलत्याच गाडीत जाऊन बसत. सगळे त्याला 'भोंगा' म्हणत. बाबांना 'ब्रेक्या' हे नाव त्यानेच दिलेले, कारण फर्लांगभर अंतरावर कुत्रे दिसले तरी बाबांचा पाय ब्रेकवर जाई. आता तो दुसऱ्या गावी मुलाकडे राहत होता. बसने अर्ध्या दिवसाची वाट. डेपोच्या पानावर तो रोज काहीतरी खोडसाळ लिही, आणि बाबा गालात हसत.

एके दिवशी त्याची अशी पोस्ट आली: "ब्रेक्या, घसा बसलाय म्हणत होतो ना, तो कॅन्सर निघाला. मी घाबरलेलो नाही. खोटं बोलतोय."

त्यात तो शब्द होता. मी झाकली.

काही दिवसांनी दुसरी आली. "फोन का उचलत नाहीस रे? ऑपरेशन ठरलं, येत्या वीस तारखेला. त्यानंतर आवाज राहणार नाही म्हणतात. त्याआधी एकदा येऊन जा. पोटभर भांडू."

तीही झाकली. खणातला फोन मधूनमधून घरघरत असे. मग त्याचे चार्जिंग संपले आणि तोही गप्प झाला.

तिसऱ्या पोस्टमध्ये एक व्हिडिओ होता. कोणी चालू केल्याशिवाय व्हिडिओत काय आहे ते मला कळत नाही, मला फक्त अक्षरे वाचता येतात. वर लिहिले होते, 'रुग्णालयातून, ब्रेक्यासाठी'. मी झाकली.

त्या दुपारी बाबा डेपोचे पान वरखाली करत बसले होते. एका मांजराच्या फोटोखाली आणि एका गुलाबाच्या वर, जिथे भोंग्याचा व्हिडिओ होता, नेमक्या तिथेच त्यांचे बोट थांबले. मांजर आणि गुलाब एकमेकांना चिकटून दिसत होते. मला ओरडावेसे वाटत होते की इथेच आहे, इथेच आहे. पण ओरडायचे कशाने?

"भोंगा हल्ली काही लिहीत नाही," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच लिहा ना, बाबा," पिल्लू आतून म्हणाली.

"मी का? त्याला माझी आठवण नाही, तर मी काय त्याच्या पाया पडू? माझी बायको गेली तेव्हा आला होता, आता संपलं त्याचं काम."

त्यानंतर ते त्या पानावर फिरकेनासे झाले. खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या बस बघत राहत. पिल्लूला वाटले, वयाचा थकवा असेल. तिने माझ्यात आणखी काही शब्द घातले.

आणि मग एका सकाळी वेबसाइटवाल्यांनी आपले पान नव्याने बांधले. त्यांच्या लेखी ती सजावट होती, पण माझे डोळेच गेले. ज्या खुणांवरून मी पोस्ट ओळखत होते, त्या सगळ्या खुणा बदलल्या. पोस्ट कुठे सुरू होते तेच मला दिसेना. पिल्लूला अजून पत्ता नव्हता. बाबांनी त्या दिवशी न राहवून पुन्हा डेपोचे पान उघडले, आणि मी इतके दिवस धरून ठेवलेले सगळे एकदम बाहेर पडले.

"पिल्लू!"

बस रस्त्याखाली जातानाही ज्या माणसाने कधी आवाज चढवला नसेल, त्याची ती हाक होती. पिल्लू तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली.

"ही तारीख वाच. मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये, का मीच चुकीचं वाचतोय?"

तिने वाचले. भोंग्याच्या ऑपरेशनचा दिवस आठवड्यापूर्वीच होऊन गेला होता.

"हे मला दिसलं कसं नाही? तेव्हा तर मी रोज बसत होतो ना इथे?"

ती आधी तोंड धुऊन आली. मग खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि तिने सगळे सांगितले. माझ्या चित्रावर टिचकी मारून माझ्यातले शब्द त्यांच्यासमोर उघडले. बाबा एकेक शब्द ओठ हलवत वाचत खाली आले, आणि शेवटच्या नावापाशी अडले.

"हिचं नाव यात कसं गं?"

"तुम्ही रडायचात, बाबा. फोटो आला की दिवसभर जेवायचा नाहीत."

"मग रडू द्यायचं होतंस." ते हळूच म्हणाले. "माझी बायको होती ती. रडणारच ना मी? तुला काय वाटलं, तू झाकलंस म्हणून मी विसरलो? मला वाटत होतं, आता वेबसाइटसुद्धा तिला विसरली."

पिल्लूचे डोळे भरून आले. "मला भीती वाटत होती. आई गेली, आता तुम्ही..."

"मी काय लहान आहे?"

"नाही, बाबा."

मग बाबांनी व्हिडिओवर बोट ठेवले आणि तिने तो चालू केला. मित्रांनो, ज्याला मी इतके दिवस दाबून धरले होते, तो आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला. घोगरा, मधेच फाटणारा, पण ऐटदार. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ब्रेक्याची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा धावत आहे. तरी ज्या प्रवाशाचा आवाज उद्या सकाळी निघून जाणार आहे, त्याने फलाटावर शांतपणे वाट पाहावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल ब्रेक्या दिलगीर आहे." त्यानंतर एक खोकला, आणि अगदी साध्या सुरात, "ये की रे."

बाबा आधी खो खो हसले. मग त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले.

"मी कार काढते, लगेच जाऊ," पिल्लू म्हणाली.

"बसनेच जायचं. तू चल बरोबर. पण वाटेत माझ्याशी बोलू नकोस."

ते गेले तेव्हा संगणक तसाच चालू राहिला. रिकाम्या खोलीत, उजळलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात, मी आंधळी होऊन बसले होते. तिकडे काय घडत असेल ते कळायला मला काही वाट नव्हती. माझ्या आयुष्यातले सर्वांत जड दिवस तेच.

परत आल्यावर बाबांनी शेजारच्या काकांना ती हकिगत सांगितली, तेव्हा मलाही कळली. भोंगा खाटेवर बसला होता, गळ्याला पट्टी. बाबांना दारात बघताच त्याने आपल्या मनगटावर दोनदा बोट आपटले. उशीर झाला म्हणून. मग हात पुढे केला. बाबा त्याच्याजवळ बसले आणि त्यांना काही सुचेचना. इतकी वर्षे बोलायचे काम भोंग्याचे होते, ऐकायचे यांचे. शेवटी भोंग्यानेच त्यांच्या बरगडीत कोपर मारले आणि बोटाने खूण केली, बोल. तेव्हा बाबा बोलायला लागले, ते भोंग्याची सूनबाई औषध घेऊन आली तरी थांबले नाहीत. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते बोलले. पिल्लूने ते दाराबाहेर उभे राहून ऐकले. यातले एक अक्षरही त्यांनी तिला कधी सांगितले नव्हते.

पुढच्या सुट्टीत बापलेक मला दुरुस्त करायला एकत्र बसले. राग पुरता गेला नव्हता, पण बाबांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावून घेतली होती. पहिल्यांदा त्यांनी आईचे नाव पुसले. स्वतःच्या बोटाने, एकेक अक्षर. मग रुग्णालय, मग कॅन्सर, मग निधन. गोळ्यांच्या जाहिराती आणि हमरीतुमरी मात्र झाकलेलीच राहू दे म्हणाले.

"आणि झाकशील तिथे एक पट्टी ठेव," ते म्हणाले. "इथे काहीतरी झाकलंय, आणि ते कोणाचं आहे, एवढं लिही. उघडायचं की नाही ते मी ठरवीन."

पिल्लूने तसे केले. ती बारीक राखाडी पट्टी म्हणजे मला मिळालेला पहिला आवाज. फार मोठा नाही, पण 'इथे कोणीतरी आहे' एवढे मला सांगता येऊ लागले.

आता त्यालाही बराच काळ लोटला. बाबा संगणकापाशी फारसे बसत नाहीत. जमेल तेव्हा ते बस पकडून भोंग्याकडे जातात, तिथे हे बडबडतात आणि तो हातवारे करतो. पिल्लूच्या कंपनीत काम वाढले. वेबसाइटने आपले पान आणखी कितीदा तरी बदलले, ब्राउझरही नवा आला, आणि एका अपडेटनंतर माझ्या चित्राचा रंग गेला आणि मी बंद पडले. मला कोणी काढून टाकले नाही, आणि कोणी दुरुस्तही केले नाही. पिल्लूच्या ऑफिसातल्या ज्या लोकांनी मला हौसेने नेले होते, त्यांच्यापाशी तर माझे जुनेच रूप आहे, पट्टी नसलेले. तिथे कुठे मी अजून काम करत असेन, तर कोणाकोणाच्या हाका झाकत असेन, याची मला धास्ती वाटते. मी इथून त्यांना कळवू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या माणसाला काही टोचू नये असे तुम्हाला वाटले, तर ते वाटणे चांगलेच आहे. पण माझ्यासारखीला मध्ये बसवण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि बसवलीत, तर विसरून जाऊ नका. अधूनमधून मला उघडा, मी काय काय धरून ठेवले आहे ते बघा. मला धरायला शिकवले आहे. सोडायला तुम्हालाच यावे लागते.