कामिनीची मुळं

मालविकाने कुंडी आडवी करून तळाला थाप मारली. दुसऱ्या थापेला कामिनीचं झुडूप मातीच्या गोळ्यासकट अर्धं बाहेर आलं आणि अडकलं.

"ओढू नको. कुंडी फिरव," खुर्चीतून अण्णा, तिचे वडील, म्हणाले. "पापड पलटायलीस का?"

शेजारची धम्मप्रिया हसली. शेषेराव सरांच्या, म्हणजे अण्णांच्या रविवारच्या झाडांच्या वर्गाला पूर्वी अंगण पुरायचं नाही. आता ही पाचवीतली पोर एकटीच यायची. अण्णा तेच ते पुन्हा शिकवतात, आठवण करून दिली की ओरडतात, म्हणून बाकीची मुलं थांबली होती. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार आहे असं सांगून वर्ष झालं होतं. वर्ग बंद करायचा, असं मालविकाचं आणि अंबरीशचं, तिच्या भावाचं, फोनवर ठरलं होतं. तेच सांगायला ती सकाळच्या बसने लातूरहून नांदेडला आली होती. पण आल्या आल्या अण्णांनी तिच्या हातात छाटणीची कात्री दिली.

ही कामिनी नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात पडलेली. बोनसायला खोड चांगलं आहे म्हणून अण्णांनी आणली होती. ती ना वाढली, ना वाळली. त्यांनी खत बदललं, जागा बदलली, शेवटी नर्सरीवाल्याला दोष दिला.

फांद्या कशा छाटायच्या, हे त्यांनी नीट सांगितलं. एकमेकींना घासणाऱ्या दोनपैकी एकच ठेव. कापायच्या आधी झाड चारही बाजूंनी बघ. एकही शब्द चुकला नाही. ऐकताना मालविकाला वाटलं, अंबरीशला म्हणावं, अजून थोडं थांबू.

मग तिने काडीने मुळांभोवतीची माती मोकळी केली. मातीखाली काळं काहीतरी दिसलं. नर्सरीची प्लॅस्टिकची पिशवी, अख्खी. तिच्या भोकांतून चार-दोन मुळं बाहेर आली होती. बाकीची आतल्या आत गोल फिरून दोरखंडासारखी आवळली होती.

पिशवी काढून झाड लावायचं, हे अण्णा तीस वर्षं प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगत आले होते.

तिने खोडाला बांधलेली पत्र्याची पट्टी वळवून पाहिली. लावल्याची तारीख, अण्णांच्या अक्षरात. तीन वर्षांपूर्वीचा जुलै. त्या जुलैत कामिनी आणल्याचं सांगायला ते रोज फोन करत. चौथ्या दिवशी ती म्हणाली होती, किती वेळा तेच सांगता, मला कामं आहेत. त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले होते.

"सर, ह्यात तर पिशवी हाय," धम्मप्रिया म्हणाली.

अण्णा उठून आले. वाकून त्यांनी पिशवीवर बोट ठेवलं. ते बराच वेळ तिथंच राहिलं.

"कुणी लावलं हे?"

मालविकाने पट्टी हलकेच सोडवून मुठीत घेतली.

"मी, अण्णा."

"पट्टी कुठाय?"

"लावली नव्हती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू श्वास सोडला.

"एवढी शिकलेली तू, आणि पिशवीसकट लावलीस? तुला पहिल्यापासून शिकवावं लागंल. बस इथं."

ती धम्मप्रियाशेजारी फरशीवर बसली. अण्णांनी पिशवी उभी चिरली, आवळलेली मुळं छाटली, कोवळी ठेवली. उथळ कुंडीच्या भोकांवर जाळी अंथरून झाड तारेने बांधलं. जगेल का, असं धम्मप्रियाने विचारलं. महिनाभर सावलीत ठेवायचं, मग कळेल, असं ते म्हणाले.

"झाड लावताना आधी काय करायचं?" त्यांनी मालविकाला विचारलं.

"पिशवी काढायची."

पाणी घालून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. धम्मप्रिया काही बोलणार, तोच मालविकाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पिशवी काढायची, अण्णा."

"पुढच्या रविवारी येशील ना?"

"येईन."

ती निघाली तेव्हा लातूरच्या बसला अर्धा तास उरला होता. रिक्षा दारात उभी होती. अण्णा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "सांग बरं, झाड लावताना आधी काय करायचं?"

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली, आणि मगच उत्तर दिलं.