काडी रोवलेला नाला

मले एक सांगा, लोकाईले पुढचं कसं काय दिसते? मले तं माह्या पायाखालचं दिसत नाई.

माह्यी पोरगी उर्वशी पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. आमचं गाव मुलचेऱ्याच्या पुढं, नाल्याच्या पल्याड. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, तारीख गणपती उठल्यावरची. माह्यी बायको वच्छला म्हणे, "पहिलटकरीण तारखेच्या पुढंच जाते. पोळा होऊ द्या, मंग नेऊ तिले दवाखान्याजवळ." मोबाईलवर पाऊस नव्हता, आभाळात ढग नव्हता. मंग मी मुलचेऱ्याले गेलो, वहाबभाऊले ऑटोचं सांगून ठेवलं आन तिथीच मुक्काम केला.

सकाळी वहाबभाऊच मले सोडाले आला. पाहतो तं नाला दोन्ही काठ भरून वाहून राह्यला! गावात थेंब नाई. पाऊस वरच्या जंगलात कुठीतरी पडला असन. आन पल्याड माणसं खाट घेऊन उभी. खाटेवर उर्वशी. तिले कळा सुरू झाल्या होत्या.

मी पाण्यात शिरलो तं कमरेतच पाय सुटले. वहाबभाऊनं मानगूट धरून बाहेर ओढलं. अल्याडच्या काठावर दादाजी बसले होते. सारी उमर याच नाल्यावर डोंगा चालवला त्यायनं. डोंगा कधीचा सडला, पण पाण्याचं विचारायचं तं त्यायलेच. त्यायनं पाण्याच्या कडेले काडी रोवली. पाहता पाहता काडी बुडाली.

"आज नाई उतरत हे. उद्याचं पाहा," दादाजी म्हणाले.

"नाला तुमाले सांगून जाते का, दादाजी?" मी खेकसलो. सांगणाऱ्याचं का जाते, पोरगी माह्यी आहे!

पण दुसरं ऐकू कोणाचं? ऊन डोक्यावर आलं. खाट तशीच उन्हात. नाल्याच्या आवाजात हाक पल्याड जात नाई, म्हणून आमच्याकडं दुपट्ट्यानं सांगतात. डोक्यावर गोल फिरवला की माघारी जा. मी डोक्याचा दुपट्टा सोडला आन फिरवला. म्हटलं, पोरगी घरी सावलीत तरी राहीन, सुकरी सुईण आहे गावात. त्यायनं खाट उचलली. उर्वशीचा हात माह्याकडं उठलेला दिसला. मंग तेही झाडाआड गेलं.

"सकाळी लवकर येतो," म्हणून वहाबभाऊ गेला.

आन पाणी उतराले लागलं. थट्टा केल्यावाणी! काडीचं टोक दिसलं, मंग अर्धी काडी, मंग चिखल. मी वहाबभाऊले फोन लावला. इथी रेंज कुठी लागते?

"असं कधी झालं नाई," दादाजी म्हणाले.

"तुमचं ‘कधी नाई’ गेलं चुलीत!"

छातीएवढ्या पाण्यातून मी पल्याड गेलो आन पळत सुटलो. खाट गावाले पोचलीच नव्हती. मोहाच्या झाडाखाली बायका लुगडी धरून उभ्या होत्या आन आतून लेकरू रडून राह्यलं होतं. जीव भांड्यात पडला बाप्पा. तेवढ्यात वच्छला बाहेर आली. कोपरापर्यंत हात लाल.

"पोरगी झाली," ते म्हणाली. "पण रक्त थांबत नाई, अवो. सुकरी म्हणते, माह्या हातचं नाई हे."

माहा पुतण्या निकेश खाटेचा एक पाय धरून होता. त्याले म्हटलं, "पळ, वहाबभाऊ जिथी भेटन तिथून आण." तो पळाला. आमी खाट उचलली आन पुन्हा नाल्याकडं निंघालो. निकेशच्या जागी खाट मी खांद्यावर घेतली.

उर्वशीनं डोळे उघडले. तोंड पांढरं पडलं होतं.

"बाबा, पाणी उतरलं?"

"उतरलं, माय."

"मंग ऑटो येईन ना?"

सकाळपासून मी साऱ्या सांगणाऱ्याईले शिव्या देऊन राह्यलो होतो. वच्छला लेकरू छातीशी धरून माह्या तोंडाकडं पाहत चालली होती. समोरचा रस्ता रिकामा होता.

"येईन," मी म्हटलं. "आत्ता येईन, पाह्य तू."